सात टक्के

रात्री साडेदहाला लॅपटॉपच्या कोपऱ्यातला आकडा सातवर होता. साडेअकराला सातवर होता. बाराला पाच मिनिटं कमी असताना चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी सातच. चार्जर लावलेला, भिंतीवरचं बटण चालू, ठोकळ्यावरचा बारीकसा दिवा लागलेला आणि बॅटरी मात्र ना वर ना खाली. उतरली असती तर निदान कळलं असतं की वीजच येत नाहीये. ही बाई जागची हलत नव्हती.

त्या चिन्हावर बाण नेला की एक ओळ उमटायची. तिचं मराठी करायचं तर, ‘प्लग जोडलेला आहे, चार्ज होत नाही.’ मी भाषांतरं करून पोट भरते, त्यामुळे असली ओळ मला जरा जास्तच छळते. ‘होत नाही’ म्हणजे काय? करणारा कोण? वीज मिळत नाही म्हणून होत नाही, की मिळतेय पण घेतली जात नाही म्हणून होत नाही? मराठीत ‘होत नाही’ म्हटलं की कर्ता सुटतो आणि दोष कुणाच्याच माथी बसत नाही. बिल पास होत नाही, काम होत नाही, भेट होत नाही. यंत्रानेही तीच सोयीची क्रिया उचललेली पाहून मला राग आला. तेव्हा मात्र तो व्याकरणाचा वाटला नाही, नुसता राग वाटला.

सकाळी नऊपर्यंत चाळीस पानं पाठवायची होती, त्यातली अकरा बाकी. त्यात फाइलही त्या संध्याकाळपासून रडत चालली होती. एक अक्षर दाबलं की ते उमटायला श्वासभर वेळ, पान सरकवलं की आधी पांढरं आणि मग हळूहळू मजकूर. मी त्याचं खापर फाइलमधल्या मोठमोठ्या तक्त्यांवर फोडलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी ठेवली नव्हती.

आता उपाय. पहिला उपाय सगळ्यांचा एकच असतो : पिन काढायची, तिच्यावर फुंकर मारायची, परत घालायची. फुंकरीने काय होतं हे कुणी सांगू शकणार नाही. तोंडातला दमटपणा धातूला लागतो, याहून काही होत असेल असं वाटत नाही. पण फुंकर मारल्याशिवाय पुढचा उपाय करायला मन धजत नाही. मग मी एक्स्टेन्शन बोर्ड टाळून चार्जर थेट भिंतीत लावला. ही खरोखर करण्याजोगी गोष्ट, कारण बोर्डातले पत्रे सैल होतात आणि आपण तासभर भलत्याच वस्तूची नाडी बघत बसतो. मग ठोकळ्याला येणारी वायर तिच्या खाचेत नीट दाबली. ती दोन तुकड्यांत असते हेच आपण विसरतो आणि ती ठोकळ्याच्या तोंडाशी अर्धी बाहेर आलेली असते. मग दिव्याकडे पाहिलं. दिवा भिंतीत लावताना लागतो आणि पिन लॅपटॉपमध्ये घालताच विझतो, असं असेल तर पुढे कुठेतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत आणि चार्जर स्वतःला वाचवतोय. माझा दिवा दोन्ही वेळी शांतपणे लागलेला होता. म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक.

मग मी तेच केलं जे रात्री बाराला एकटा माणूस करतो. मोबाइलवर शोधलं, आणि सापडतील तेवढे उपाय एकापाठोपाठ एक, अधेमधे न थांबता, करून टाकले.

त्यातला एक उपाय दिसायला अगदी मंत्रासारखा आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मी तो वर्षानुवर्षं भोंदूपणा समजत आले होते आणि तो भोंदूपणा नाही. लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज एक लहानसा कंट्रोलर असतो. कीबोर्ड, पंखा, चालू-बंदचं बटण आणि बॅटरीचं भरणं यांचा कारभार तो पाहतो, आणि आपण लॅपटॉप बंद केला तरी तो जागाच असतो. कित्येक महिने न झोपलेला कारकून म्हणा. कधीतरी तो एखाद्या चुकीच्या समजुतीला धरून बसतो. बऱ्याच मॉडेलांत बटण लांबवर दाबून धरलं की कपॅसिटरांमध्ये उरलेली वीज निघून जाते, हा कारकून एकदाचा झोपतो आणि उठल्यावर सगळी मोजणी नव्याने करतो. यात कितीतरी लॅपटॉप सुधारतात.

माझा सुधारला नाही. उलट चालू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन-तीन ओळी आल्या आणि तो थांबून राहिला. पुढे जायचं तर एक कळ दाबा, असं खाली होतं. मी दाबली. अकरा पानं बाकी होती.

दुसरा उपाय बॅटरीचा ड्रायव्हर काढून टाकून पुन्हा बसवण्याचा. तोही केला. चौकटीत दिसणारी ‘बॅटरी’ नावाची ओळ काढून टाकताना उगाचच धस्स झालं. परत चालू केल्यावर ती आपली आपण आली, सातचा आकडा घेऊनच.

तिसऱ्याने मात्र मला गारद केलं. विंडोजमध्ये एक जुन्या वळणाची आज्ञा असते, ती दिली की बॅटरीचा सगळा दप्तरखाना समोर येतो. त्यात दोन आकडे महत्त्वाचे : बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हा किती वीज मावेल असं ठरवलेलं होतं, आणि आज पूर्ण भरली तर किती मावते. माझे आकडे होते ५१,००० मिलिवॅट-तास आणि ३४,००० मिलिवॅट-तास. म्हणजे तीन वाटे होते, दोन उरले. चार वर्षांचा हिशेब समोर आल्यावर संशयाला जागाच राहिली नाही. बॅटरी म्हातारी झाली आहे, म्हणून चार्ज होत नाही. निकाल लागला, आरोपी सापडला, पुरावा कागदावर. त्यानंतर रात्री पाऊण वाजता माणूस ज्या प्रकारचे निर्णय घेतो त्यातला एक मी घेतला. त्याबद्दल नंतर.

वायर हलू नये म्हणून मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, पिनेवर डावा हात अशा अवस्थेत अडीचला अकरावं पान संपवलं. पाठवलं. सातच टक्के होते.

सकाळी दादाला फोन केला. माझा मोठा भाऊ आयुष्यभर टेलिफोनची यंत्रं दुरुस्त करत आला. निवृत्तीनंतर बोटं स्वस्थ बसत नाहीत म्हणून नातलगांचे मिक्सर आणि रेडिओ उघडतो. त्याला लॅपटॉपचं फारसं कळत नाही असं तो स्वतःच म्हणतो आणि मग बरोबर प्रश्न विचारतो.

“चार्ज होत नाही म्हणजे उतरत जातो?”

“नाही ना. सातवर आहे. काल रात्रीपासून.”

“आणि चालतो?”

“चालतो की. हळू चालतो, पण चालतो.”

“मग वीज येतेय, बाई. सात टक्क्यांवर तू रात्रभर काम कशावर केलंस?”

मी गप्प. इतकी साधी गोष्ट. बॅटरी जागची हलत नव्हती म्हणजे तिच्यातून काही जातही नव्हतं. लॅपटॉप सरळ चार्जरवर चालला होता.

“बॅटरी म्हातारी झालीय, दादा. आकडे काढलेत मी.”

“म्हातारं माणूस कमी जेवतं. एक घासही घेत नाही असं होत नाही. निदान थोडीतरी चढायला हवी ना?” मग जरा थांबून, “हळू कधीपासून चालतो?”

“कालपासूनच. फाइल मोठी आहे.”

“दोन्ही कालपासूनच?”

आणि मग, “चालू करताना काही लिहून आलं होतं का?”

“आलं होतं काहीतरी. काळ्या पडद्यावर.”

“काय?”

“वाचलं नाही.”

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. दुसऱ्याचा मजकूर शब्द न् शब्द वाचण्याचे पैसे घेणारी मी, माझ्याच यंत्राने थांबून, वाट अडवून सांगितलेल्या तीन ओळी कळ दाबून ओलांडल्या होत्या. लॅपटॉप पुन्हा बंद-चालू केला. ओळी आल्या. चार्जर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखता येत नाही, त्यामुळे बॅटरी भरली जाणार नाही आणि यंत्र नेहमीच्या वेगाने चालणार नाही, असा त्यांचा मतलब. वेग आणि बॅटरी, दोन्हींची जबानी एकाच कागदावर, कालपासून तिथे पडलेली.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी कितीदा भाषांतरात वापरली असेल. खालच्या मजल्यावरच्या मुलीकडे त्याच बनावटीचा चार्जर होता. तो मागून आणला, पिन घातली आणि पाच मिनिटांत सातचे नऊ झाले. पान सरकवलं तर सरसर सरकलं. म्हातारी बॅटरी तिच्या ऐपतीप्रमाणे मुकाट्याने भरत होती.

रविवारी दादा मल्टीमीटर घेऊन आला. माझा चार्जर भिंतीत लावून त्याने पिनेच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्याला सळया टेकवल्या. १९.५ व्होल्ट. ठोकळ्याच्या पाठीवर छापलेला आकडाही तोच : १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, म्हणजे गुणाकार करून ६५ वॅट. “व्होल्टेज बरोबर आलं म्हणून चार्जर चांगला असं समजू नये,” तो म्हणाला. “रिकाम्या हाताने सगळेच ताठ चालतात. पोतं पाठीवर दिलं की कोण वाकतं ते कळतं.” पण इथे तो प्रश्नही नव्हता, कारण रात्रभर त्या चार्जरने पोतं वाहिलंच होतं.

मग त्याने पिनेचं तोंड माझ्यासमोर धरलं. गोल नळीच्या अगदी मधोमध सुईएवढी एक दांडी होती. चार वर्षं रोज दोनदा मी ती पिन घातली-काढली, दांडी कधी दिसली नव्हती. वीज येते ती नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांतून. मधल्या दांडीतून वीज येत नाही, ओळख येते. माझ्यासारख्या लॅपटॉपच्या चार्जरच्या पोटात एक छोटी चिप असते, आणि मी इतक्या व्होल्टचा, इतक्या वॅटचा, एवढीच माहिती तिच्यात साठवलेली असते. लॅपटॉप त्या दांडीवरून ती वाचतो. काही बनावटींत चिपऐवजी नुसता ठरावीक प्रमाणात वीज अडवणारा रेझिस्टर असतो आणि त्यावरून चार्जर किती वॅटचा ते समजून घेतलं जातं. वाचता आलं नाही की लॅपटॉप सावध होतो. समोरचा ६५ वॅटचा आहे की ४५ चा की कुठला भलताच, कळायला मार्ग नाही. जास्त ओढलं आणि तो तापला तर? म्हणून तो स्वतः चालण्यापुरतंच घेतो, प्रोसेसरची चाल कमी करून घेतो आणि बॅटरी भरण्याचं काम सोडून देतो.

माझ्या व्याकरणाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मिळत होतं, घेतलं जात नव्हतं. ‘होत नाही’च्या मागे कर्ता होता आणि त्याने विचारपूर्वक नकार दिला होता.

त्यानंतर मी या नकारांच्या नादाला लागले. आपण ‘चार्ज होत नाही’ म्हणून ज्या तक्रारी करतो त्यांतल्या पुष्कळ बिघाडाच्या नसतातच, नकाराच्या असतात. आणि तो नकार इतका ठाम का, हे पाहायला गेलं तर गोष्ट बॅटरीतल्या लिथियमपाशी जाते. १९७०च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची, पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली तेव्हा तिच्या एका टोकाला लिथियम धातूच होता. धातूरूप लिथियम मोठा तापट. भरताना तो सपाट बसत नाही, त्याला काटे फुटतात, काटे वाढत पलीकडच्या टोकाला टेकले की आतल्या आत शॉर्ट सर्किट आणि मग आग. १९८०मध्ये जॉन गुडइनफ यांनी दुसऱ्या टोकाला कोबाल्ट ऑक्साइड वापरून व्होल्टेज वाढवलं, आणि १९८५मध्ये अकिरा योशिनो यांनी धातू काढूनच टाकला. त्याच्या जागी कार्बनी पदार्थ घेतला, ज्याच्या थरांमध्ये लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, येऊन राहतात आणि निघून जातात. १९९१मध्ये अशी बॅटरी बाजारात आली, २०१९मध्ये तिघांना मिळून रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

तो हाकललेला धातू मात्र उंबऱ्याबाहेरच बसून आहे. फार थंडीत बॅटरी भरायला घेतली की आयनांना कार्बनच्या थरांत शिरायला वेळ मिळत नाही, ते बाहेरच साचतात आणि पुन्हा धातू होतात. जास्त वेगाने भरली तरी तेच. फार उष्णतेत दुसरंच काही बिघडतं. म्हणून बॅटरीच्या पेटीत तापमान मोजणारा तुकडा असतो आणि साधारण शून्य ते पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या बाहेर तापमान गेलं की भरणं थांबतं. बंद गाडीत उन्हात राहिलेला लॅपटॉप घरी आणून लगेच चार्जिंगला लावला आणि तो ढिम्म राहिला, तर त्याला शिव्या देऊ नयेत. सावलीत, पंख्याखाली अर्धा तास ठेवावा. गादीवर, पांघरुणावर ठेवून चार्ज करणारे लोक याच नकाराच्या तोंडाशी बसलेले असतात. त्या रात्री उशीवर लॅपटॉप घेऊन मीही तेच करत होते, हे दादाला सांगितलं नाही.

माझ्या भाचीचा किस्सा तर आणखी मजेदार. तिचा लॅपटॉप ऐंशी टक्क्यांच्या वर जाईना. तिने चार्जर बदलला, वायर बदलली, रडकुंडीला आली. “मावशी, याची बॅटरी गेली वाटतं.” बॅटरी कुठेही गेली नव्हती. लॅपटॉप सतत टेबलावर, सतत चार्जरला जोडलेला असतो हे पाहून त्यातल्याच एका सोयीने ऐंशीची मर्यादा घातली होती. पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि त्यातही उष्णतेत बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून. तसंच पंच्याण्णव-शहाण्णव टक्क्यांवर असताना चार्जर लावला तर बरेच लॅपटॉप भरायला सुरुवातच करत नाहीत. दोन-चार टक्क्यांसाठी पुन्हा पुन्हा काठोकाठ नको, असा त्यांचा हिशेब. बिघाड शोधताना ‘हे कुणी मुद्दाम तर ठरवलेलं नाही?’ हा प्रश्न मी आता सगळ्यांत आधी विचारते. सेटिंग उघडून पाहायला एक मिनिट लागतं.

हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत ती गोल नळी गेली, टाइप-सी आलं आणि ओळखपाळख आणखी वाढली. आधी फक्त चार्जर आपली ओळख सांगायचा. आता रीतसर बोलणी होतात. पिन घातली की चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट पुढे करतो. मग एका वेगळ्या तारेवरून तो आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो : ५ आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे, प्रत्येकाबरोबर इतके इतके अँपिअर. लॅपटॉप त्यातलं एक मागतो, चार्जर ‘देतो’ म्हणतो आणि मगच व्होल्टेज चढतं. हे सगळं आपला हात पिनेवरून निघायच्या आत. बोलणी फिसकटली तर ५ व्होल्टवर गाडी अडते आणि लॅपटॉप ते पाणी पिण्याच्याही लायकीचं मानत नाही. मोबाइलचा लहान चार्जर लावून ‘पिन तर बसतेय’ म्हणणाऱ्यांचं हेच होतं. पिन बसणं आणि जमणं यात फरक आहे.

त्यात वायर हा तिसरा पक्ष. टाइप-सीच्या वायरी दिसायला सारख्या, पण ३ अँपिअरच्या पुढे न्यायचं तर वायरीतच एक ओळखचिप असावी लागते. ती नसली की २० व्होल्ट गुणिले ३, म्हणजे ६० वॅटवर मर्यादा. चार्जर १०० वॅटचा, लॅपटॉप १०० वॅट मागणारा, आणि मधली वायर साधी. मग जोरात काम चालू असताना चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरताना दिसते आणि माणूस भुताटकीचा संशय घेतो. २०२१मध्ये ही हद्द ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत वाढवली गेली, तिलाही वायर तशीच हवी. वायर बदलून पाहणं म्हणूनच आधी, चार्जर बदलणं नंतर. आणि त्याच्याही आधी टॉर्च लावून लॅपटॉपच्या भोकात डोकावणं. पिशवीतला कापसासारखा कचरा तिथे इतका दाबून बसतो की पिन शेवटपर्यंत जात नाही. लॅपटॉप बंद करून लाकडी काडीने अलगद उकरावा; सुई-टाचणी घालू नये, आत चोवीस बारीक पट्ट्या असतात.

एक नकार मात्र करुण असतो. खणात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेल्या लॅपटॉपचा. बॅटरी नुसती पडून राहिली तरी थोडी थोडी उतरत असते आणि एका पातळीच्या खाली गेली की आतला तांब्याचा पत्राच विरघळायला लागतो. अशा बॅटरीत एकदम वीज ढकलणं धोक्याचं, म्हणून तिचा रखवालदार आधी अगदी थेंब थेंब पाजून पाहतो आणि ती सावरली नाही तर दार कायमचं बंद करतो. आईने ‘फोटो आहेत त्यात’ म्हणून जपून ठेवलेले लॅपटॉप असे जातात. फोटो वाचतात, ते डिस्कवर असतात. ठेवायचाच असेल तर अर्धा भरून ठेवावा आणि अधूनमधून विचारपूस करावी.

आणि जिथे शोधाशोध करायचीच नाही अशी एक जागा आहे. टचपॅड दाबायला घट्ट झाला, खालचं झाकण टेबलावर डुगडुगायला लागलं, कडेला फट दिसायला लागली, तर बॅटरी फुगली आहे. तिथे चार्जर काढायचा, लॅपटॉप बंद करायचा आणि जाणकाराकडे न्यायचा. दाबून बसवायची नाही, टोचून हवा काढायची तर मुळीच नाही. दादासारखा कुठलीही वस्तू उघडणारा माणूस या एका बाबतीत हात मागे घेतो.

तर माझा चार्जर. दादाने भिंतीतून काढला, पिनेपासून चार बोटांवर वायर कापली, वरचं रबर सोललं. आत दोन जाड तारा धडधाकट होत्या. तिसरी, केसाहून थोडी जाड, पिनेच्या मानेपाशी तुटलेली. बाहेरून रबरावर ओरखडाही नव्हता. तांबं सहज वाकतं म्हणून आपण वाकवत राहतो, पण दर वाकण्यागणिक ते त्या जागी कडक होत जातं आणि एक दिवस मोडतं. पिनेच्या मुळाशी ती लवचीक खाचांची रबरी मान असते ना, ती शोभेसाठी नसते. वाक एका जागी न साठता पसरावा म्हणून असते. माझी वायर रोज संध्याकाळी ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळली जायची आणि शेवटी पिन त्या वेढ्यात खोचली जायची, मान मोडून. चार वर्षं. जाड तारांनी ते सोसलं, बारीक तारेला जमलं नाही.

“लॅपटॉपला वाटलं असेल, कोण हा बिनओळखीचा,” मी म्हटलं.

“हं,” दादा म्हणाला. त्याच्या तोंडात स्क्रू होता.

त्याने येताना जुन्या, जळक्या चार्जरची पिन वायरीसकट आणली होती. तीन तारांना तीन तारा जोडल्या, डाग दिला, प्रत्येक सांध्यावर नळीचं वेष्टण चढवून गरम करून बसवलं. डाग देताना धूर आला त्याच्यासरशी मला लहानपणीचं आमचं घर आठवलं, दादाचा कोपरा, पत्र्याच्या डब्यात झोपलेले रेडिओचे अवयव. तेव्हा मी त्याला विचारायची, तुला कसं कळतं कुठे तुटलंय? तो म्हणायचा, जिथे तुटलं नाही ते आधी बाजूला काढायचं. मला ते टाळाटाळीचं उत्तर वाटायचं.

काळ्या पडद्यावर ओळी आल्या नाहीत. आकडा एकसष्टवरून बासष्टवर गेला. दादाने चार्जर काढला, वायर हातात घेतली, सैल, मोठ्या वेढ्यांत गोळा केली, पिन मोकळी लोंबती ठेवली आणि काही न बोलता तो पुंजका माझ्या हातात दिला. मी काही बोलणार इतक्यात दाराची घंटी वाजली. दारात एक खोकं होतं, माझ्या नावाचं, वर आगीच्या खुणेचं लेबल.

“काय गं ते?” दादाने आतून विचारलं.

“बॅटरी,” मी म्हटलं.